चालता चिखल

“चिखल आहे,” आमचे हे म्हणाले आणि मायक्रोस्कोपवरून डोकं वर काढलं. “घेऊन जा.”

समोर गमबूटवाली उभी होती. ती पाणीपुरवठा खात्यात पाणी तपासायचं काम करते. गावाबाहेरच्या पाणथळीत गुडघाभर शिरते, बाटल्या भरते, आणि बाटलीत पाण्याबरोबर जी काही घाण येते ती डबीत घालून आमच्याकडे आणते. बूट बाहेर काढ म्हणून मी तिला दर वेळी सांगते आणि ती दर वेळी आत येऊन काढते. त्या दिवशीही माझ्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर तिने दोन तळी केली होती.

“पण सर, मला सोंड दिसली होती,” ती म्हणाली. “खरंच. भिंगातून.”

“सोंड सगळ्यांनाच दिसते. मागे तुला गवताच्या बीलाही दिसली होती.”

“ते चुकलंच, सर. पण हे पाण्यातल्या देठाला घट्ट धरून होतं. आणि धुतलेलं नाही हं मी, तुम्ही सांगितल्यासारखं.”

“उपकार झाले,” हे म्हणाले. “चिखलाला आंघोळ घालायचे कष्ट वाचले.”

ती हसली. हसू कसलं, रडायचं नाही म्हणून तोंड पसरलं इतकंच. चाळिशीची बाई, खात्यात हाताखाली माणसं असतील, आणि इथे येऊन शाळेतल्या पोरीसारखी बोलणी खाते. मला अशा माणसांची कीव येत नाही, चीड येते. अपमान करून घ्यायचा तर घरबसल्या करून घ्यावा, बस बदलून कशाला यायचं? तिने बूट चढवले, “येते काकू” म्हणाली आणि गेली. दार मीच लावलं.

आता हे सोंडप्रकरण काय ते सांगते. धान्यात सोंडे पडतात ना, तांदळात, गव्हात, त्यांचेच हे भाऊबंद. जगात त्यांच्या इतक्या जाती आहेत म्हणे की मोजणारा मरतो पण जाती संपत नाहीत. मी जन्मभर जे चाळून उकिरड्यावर फेकलं, ते यांनी जन्मभर डिंकाने कागदाला चिकटवून पेट्यांत ठेवलं. संग्रहालयाच्या कीटक विभागात यांची सगळी नोकरी गेली. मी खालच्या मजल्यावर कपडे दुरुस्तीचं दुकान चालवलं. लोकांच्या कमरा वाढल्या की शिवण उसवायची, उतरल्या की आत घ्यायची. त्यातून दोघांचं भागलं. पण कुणी घरी आलं की विचारायचं ते यांच्या किड्यांबद्दल. माझ्या काजांबद्दल आजवर एका शहाण्याने विचारलेलं नाही.

यांचं नाव झालं तेही एका किड्यामुळेच. तिळाएवढा सोंडकिडा, पाणथळीत राहतो, पाण्यातल्या देठांवर. अंगावर जन्मतःच मातकट लेप असतो, त्यामुळे नुसता पडून राहिला की मातीचा कण वाटतो. हा इथे राहतो ही पहिली नोंद यांनी तरुणपणी केली. पुढे संग्रहालयाचे साहेब स्वतः पाणथळीत गेले, तोच किडा धरला, आणि हा बरबटलाय असं वाटून ब्रशने घासून स्वच्छ धुतला. आतून निघाला काळाकुळकुळीत. साहेबांनी जाहीर केलं, नवी जात सापडली! पेपरात फोटो, हारतुरे, कचेरीत चहापाणी. यांनी काय करावं? गप्प बसावं की नाही? यांनी चार ओळी लिहून छापायला पाठवल्या. ‘साहेबांनी नवा किडा शोधलेला नाही. जुना धुतला आहे.’

बढती गेली ती कायमची. पण त्या चार ओळींवर माणूस म्हातारपणापर्यंत मिरवला. यांच्या नजरेला जे पडलं नाही ते नाही, असं सगळे मानायला लागले. लांबून लोक डब्या घेऊन येत आणि हे एका शब्दात त्यांना वाटेला लावत. कुणाला चिखल, कुणाला बी, एका प्राध्यापकाला तर “आपल्या चष्म्यावरचा डाग”. दुसऱ्याला तुच्छ लेखायचं हे यांचं आवडतं काम आणि यांना तुच्छ लेखायचं हे माझं. एकूण संसार बरा चालला होता.

तो मातकट किडा मात्र पुढे कुणालाच सापडला नाही. पाणथळ अर्धी बुजवली, तिच्यावर गोदामं आली. “संपला तो,” हे म्हणायचे, घरातलं माणूस गेल्यासारखे. आणि तरी डबी आली की आधी त्याचंच नाव तोंडात. गमबूटवालीही त्याच्याच मागे लागलेली. तिला पाण्याचा पगार मिळतो, किड्याचा नाही, हे तिला कोण सांगणार?

तर ती गेली आणि डबी टेबलावरच विसरली. मी उचलली. मोरीत ओतून धुवायची आणि त्यात गुंड्या ठेवायच्या असा माझा बेत होता. झाकण काढलं, नळाखाली धरणार, तोच डबीच्या काठावर मातीचा एक कण दिसला. मी बोट पुढे केलं. कण पुढे सरकला.

मी नळ बंद केला. खिडकीपाशी गेले. माझी नजर या वयातही सुईच्या नेढ्यात एका फटक्यात दोरा घालते, त्यामुळे मला काही भास झाला असं कुणी म्हणू नये. कणाला पाय होते. पुढे बारीकशी वाकडी सोंड होती. मी श्वास सोडला तसे त्याने पाय पोटाशी घेतले आणि पुन्हा ढेकूळ होऊन पडला. या किड्यांना सोंडही असते आणि सोंगही येतं, मेल्याचं. एवढं मी इतकी वर्षं कानावर पडून शिकले आहे.

मी तरातरा आतल्या खोलीत गेले. हे मायक्रोस्कोपसमोर तसेच बसले होते, हात मांडीवर ठेवून.

“काय आहे हे?” मी डबी नाकापुढे धरली.

“डबी.”

“डबीत?”

“सांगितलं ना मघाशी. चिखल.”

“तुमचा चिखल चालतोय.”

यांनी डबी हातात घेतली नाही. डबीकडे पाहिलंही नाही. माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत राहिले. मग हळूच विचारलं, “सोंड आहे?”

“अहो, मला काय विचारता? मघाशी एवढा वेळ डोळा लावून बसला होतात तो काय झोपायला? बघा की!”

हे हलले नाहीत. तेव्हा मी डबी टेबलावर ठेवली. एकेक गोष्ट आठवायला लागली. पेपर आला की “या भिकार बातम्या तूच वाच” म्हणून माझ्याकडे ढकलायचे. शर्टाची गुंडी वरच्या काजात जायची आणि मी ओरडले की “फॅशन आहे” म्हणायचे. जिन्यात समोरचे शेजारी भेटले तर ओळख द्यायचे नाहीत, आणि मी समजत होते नेहमीचा माज. माणूस आधीच माजोरडा असला की हे असं होतं. आंधळा झाला तरी घरच्यांना पत्ता लागत नाही.

“किती दिसतं तुम्हाला?” मी विचारलं.

“कडेने दिसतं.”

“म्हणजे काय?”

“मधे डाग आहे. जिथे बघायला जावं नेमकं तिथेच काही नसतं. तुझे कान दिसतात. चेहरा नाही.”

“मग सुखात होतात म्हणायचं इतके दिवस.”

मी बोलले खरी, पण स्टूल यांच्याजवळ ओढलं. मी स्टुलावर बसले. “डॉक्टरला दाखवलं?”

“दाखवलं. गाढव आहे. म्हणतो, आता यात काही होणार नाही.”

“कधीपासून चाललंय?”

“बरेच दिवस.”

“आणि ती पोरगी आणतेय त्या डब्या? सगळ्यांना चिखल म्हणालात.”

“काही खरंच चिखल होतं.”

“कुठलं?”

“ते मला कसं कळणार?”

इतका संताप मला लग्नानंतर कधी आला नव्हता, आणि यांच्या संसारात संतापायच्या संधी कमी नव्हत्या. डोळे गेले त्याचा राग नाही हो. डोळे कुणाचेही जातात. पण घरात सोंग घेऊन पडलेला तो एकटा किडाच नव्हता, आणि किड्याने निदान जीव वाचवायला घेतलं होतं. यांनी कशासाठी? तर यांना दिसत नाही हे त्या गमबूटवालीला कळू नये म्हणून! तिला हाकलायचं, बी म्हणायचं, चिखल म्हणायचं, ती बिचारी मान खाली घालून परत पाण्यात उतरणार.

“तुमच्यापेक्षा तो साहेब बरा होता,” मी म्हणाले. “त्याने निदान धुवून तरी बघितलं होतं.”

हे बसल्या जागी आकसले. जन्मभर मी यांना टाकून बोलले, पण लागलं असं ते पहिलंच. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, क्षणभर खूप बरं वाटलं. मग नाही वाटलं.

यांनी मायक्रोस्कोप माझ्याकडे सरकवला. “तू बघ.”

“मी? मी त्या घाणीला डोळा लावू?”

“तू बघ आणि सांग. ओळखायचं काम माझं. शिकवू नकोस, अंदाज करू नकोस, दिसेल ते सांग.”

“शिकवू नकोस म्हणे! बघा, अजून मिजास आहे.”

पण मी खुर्ची ओढली. किडा बशीत काढला त्यांच्या सांगण्याप्रमाणे, ओल्या ब्रशच्या टोकाने, खाली ओला कागद घालून. दिवा लावला. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग काहीतरी भुरकट डोंगर दिसला. मी चाक फिरवलं, आणि तो डोंगर एकदम स्वच्छ झाला. जन्मात मला हे जनावर आवडलेलं नाही आणि तेव्हाही आवडलं नाही. पण शिवलेलं होतं छान. ते नाकारता येणार नाही.

“बोल ना,” हे म्हणाले. डोळे मिटून, मान तिरकी करून बसले होते.

“पाठीवर मधोमध शिवण आहे. दोन भाग जोडलेत. शिवणीच्या दोन्ही बाजूंना टिपा मारल्यात, लांब, वरून खालपर्यंत.”

“टिपा सरळ आहेत? की मधे मोडतात?”

“सरळ. हात चांगला होता मारणाऱ्याचा.”

“टिपांच्या मधलं कापड, म्हणजे पाठ, सपाट आहे का कुठे उचललीय?”

“एक सोडून एक पट्टी उचललीय. आत दोरी भरल्यासारखी.”

त्यांचा हात टेबलाची कड चाचपायला लागला. “शेवटाकडे जा. अगदी शेवटी. काय आहे?”

“थांबा, तो हललाय. मेल्या, गप्प बस. हां. शेवटी दोन गाठी आहेत. शिवण संपली की दोरा तोडायच्या आधी मारतो तशा. एक इकडे, एक तिकडे.”

“दोन?”

“दोनच.”

“नीट बघ. एखाद्या वेळी मातीचा—”

“अहो, गाठ आणि माती मला कळत नाही होय? गाठी मारण्यात जन्म गेला माझा.”

“पाऊल,” हे म्हणाले. आवाज बारीक झाला होता. “मागचं पाऊल बघ. त्याचे तुकडे असतात. तिसरा तुकडा इतर सोंड्यांसारखा रुंद आहे? पानासारखा फाटलेला?”

मी बराच वेळ थांबले. तो गुलाम पाय दाखवायला तयार नव्हता. शेवटी त्याचं सोंग संपलं, हळूच पाय लांब केला.

“नाही. अरुंद आहे. सरळ बाहीसारखा. कुठे फाटलेला नाही.”

मी डोकं वर काढलं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं, घडी घालून रुमाल परत ठेवला. घडी चुकीची घातली.

“तोच आहे,” हे म्हणाले. “आहे अजून. तोच आहे गं.”

मग नोंदीची चिठ्ठी करायची होती. प्रत्येक किड्याखाली अशी एक लागते, नखाएवढी. मापं लिहून लिहून माझं अक्षर बारीक झालंय, मीच लिहायला घेतली. जागा लिहिली, तारीख लिहिली. कुणी धरला, तिथे गमबूटवालीचं नाव. “पूर्ण नाव लिही तिचं,” हे म्हणाले. कुणी ओळखला, तिथे यांचं.

“आता खाली लिही,” हे म्हणाले. “स्वतः पाहिलेला नाही.”

मी पेन ठेवलं. “डोकं फिरलंय का तुमचं?”

“लिही.”

“अहो, ही चिठ्ठी किड्याबरोबर संग्रहालयात जाणार. ज्यांना ज्यांना वाकडं बोललात ते सगळे टपून बसलेत. उद्या दात काढतील. किडा तुम्हीच ओळखलात ना? मग नाव लावा आणि गप्प बसा. कोण बघायला आलंय?”

“तेच तर,” हे म्हणाले. “बघायला कुणी येत नाही म्हणूनच लिहायचं असतं ते.”

“मघाशी कुठे गेलं होतं हे शहाणपण?”

“मघाशी भ्यालो होतो.”

असं सरळ उत्तर मला या माणसाकडून मिळायची सवय नाही. मी पेन उचललं. लिहिताना एक गोष्ट लक्षात आली आणि माझी मलाच लाज वाटली. जगाला यांची फजिती कळावी म्हणून मी किती वेळा तडफडले होते, आणि आता ती माझ्याच हाताने लिहायची वेळ आली तर हात उचलत नव्हता.

“तुझंही नाव हवं,” हे म्हणाले. “बघितलं तू.”

“त्या किड्याखाली माझं नाव? मेले तरी नको. आणि जागाही नाही राहिली.”

जागा होती. थोडी होती.

गमबूटवालीला मी फोन केला. डबी विसरलीयस, ये म्हटलं, आणखी काही सांगितलं नाही. उन्हं कलायच्या आत ती आली आणि बूट घालून थेट आत. मी काही बोलले नाही.

“बाई, बस,” हे म्हणाले. आजवर तिला कधी बस म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. तीही ऐकून दचकली आणि उभीच राहिली. “तो चिखल नव्हता. तू धरलास तो तोच आहे. मला दिसला नाही. मला दिसत नाही.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी चिठ्ठी पुढे केली. तिने ती तळहातावर घेऊन वाचली, परत वाचली, आणि शेवटच्या ओळीवर अंगठा ठेवून उभी राहिली. मला वाटलं आता नाचेल. इतक्या खेपा, इतकी बोलणी, आणि शेवटी हिचंच खरं झालं. पण तिचा चेहरा उतरला.

“सर,” ती म्हणाली, “मग आधीच्या डब्या?”

“त्या सगळ्या आण,” हे घाईने म्हणाले. “एकूण एक. ही बघेल, मी सांगेन. काही निसटायला नको. आधीच्या पण त्याच देठांवरच्या ना? आण, आजच आण.”

ती एका बुटाने दुसऱ्या बुटावरचा चिखल काढत राहिली. माझ्या फरशीवर.

“काय झालं?” यांनी विचारलं.

“तुम्ही चिखल म्हणालात ना, सर,” ती म्हणाली. “मग मी घरी जाऊन त्या धुऊन टाकायचे.”

यांनी मान हलवली, दोनदा, दुकानदाराने भाव सांगितल्यावर हलवतात तशी.

“धुतल्यास,” हे म्हणाले.

“हो, सर.”

“तुझी चूक नाही.”

तिला तिथे थांबवेना. उद्या सकाळी पाण्यावर जाते, तीच जागा बघते, म्हणाली आणि डोळे पुसत निघाली. जिन्यापर्यंत मी तिच्या मागे गेले. उद्या येशील तेव्हा जेवायलाच थांब, म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक. मला ती बाई अजूनही फारशी आवडत नाही.

परत आले तर हे मायक्रोस्कोपवर वाकले होते. चाक इकडे फिरवत होते, तिकडे फिरवत होते, डोकं कधी डावीकडे कलतं करत होते, कधी उजवीकडे. कडेने दिसतं ना, त्या कडेत पकडायचा प्रयत्न चालला होता. दिवा बशीवर चांगला पडला होता. बशीत ओला कागद होता आणि दुसरं काही नव्हतं.

मी घाबरून टेबल धुंडाळलं. किडा यांच्या बाहीवर होता. मीच शिवलेल्या कफाच्या शिवणीवरून सावकाश कोपराकडे चालला होता.

“आहे ना?” यांनी विचारलं. डोळा काही उचलला नाही.

कितीतरी तिखट शब्द माझ्या जिभेवर येऊन बसले. मी ते गिळले आणि ब्रश ओला केला.

“आहे,” मी म्हणाले. “हात हलवू नका.”